डीलियाच्या नावाचं तिकीट

डीलिया हेरॅटीला गावानं एकदा रडून घेतलं होतं. अमेरिकेला गेलेलं माणूस परत दिसत नाही, म्हणून आयर्लंडच्या त्या मेयो भागात निघणाऱ्याला आदल्या संध्याकाळी मयताला रडावं तसं रडायची रीतच होती. डीलियासाठी दोन व्हायोलिनवाले आले, बायकांनी गळे काढले, घरातली चहासाखर संपली. आणि सकाळी गाडी दारात येताच ही बया चुलीपाशी फतकल मारून बसली.

"मी नाही जायची. मला इथंच बरं आहे."

खरंच तिला बरं होतं. दोन गाई, चुलीची ऊब, दारातून दिसणारा डोंगर. माणसं याहून जास्त कशाला मागतात, हे तिला कधी कळलंच नाही.

शिकागोच्या मावशीनं पाठवलेलं तिकीट वाया जाणार म्हणून आई कपाळ बडवायला लागली. तेवढ्यात शेजारची सबिना लॉफ्टस शाल गुंडाळत पुढे झाली.

"द्या इकडं! नाव हिचं असलं म्हणून काय झालं? बोट काय माझा चेहरा ओळखते?"

आणि ती गाडीत चढलीसुद्धा.

आठवड्यानं बातमी आली, बर्फाच्या डोंगरावर आपटून आगबोट बुडाली. थोडे वाचले, बाकी सगळे गेले.

गावाची जीभ काय, तिला हाड नसतंच. "रडलो एकीला, गेली दुसरी," एवढं विहिरीवर ऐकू आलं आणि डीलियानं विहीर सोडली. सबिनाची आई पेगीकाकू काहीच बोलत नव्हती, तेच जास्त लागत होतं. डीलिया रोज तिच्या गाईचं दूध काढून द्यायची. गाईच्या कुशीला डोकं टेकलं की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटायची. सबिना गेली असेल तर आपल्याला या सुखात जन्मभर चोरासारखं राहावं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी फादर कॉनवे सायकलवरून वर्तमानपत्र घेऊन आले. पेगीकाकूचं घर माणसांनी भरलं. फादरनी टोपी काढली.

"वाचलेल्यांची यादी आलीय, पेगी. दोनदा बघितली. तुझी सबिना त्यात नाही."

बायकांनी शाली डोक्यावर ओढल्या. पहिला हुंदका फुटणार, तोच दारातून डीलिया ओरडली, "थांबा! फादर, माझं नाव बघा!"

"तुझं?" फादर वैतागले. "अगं, तू तर समोर उभी आहेस."

"इथं उभी आहे हो, पण तिकीट माझं होतं ना! बोटीवर तिला सबिना कोण म्हणणार?"

फादरनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला. त्यांचं बोट कागदावरून हळूहळू खाली सरकत राहिलं आणि एका जागी थांबलं.

"हेरॅटी, डीलिया." त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे मी वाचलं होतं. म्हटलं, दुसऱ्या गावची कुणी असेल. कसला गाढव मी!"

"तुम्हीच म्हणालात म्हणून, फादर," कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळं घर एकदम हसलं, रडलं, बाकावरून उठलं. डीलियाला स्वतःचं नाव इतकं गोड कधी लागलं नव्हतं. ती भिंतीला टेकून ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होती.

पेगीकाकू तिच्यासमोर येऊन उभी राहिली. बातमी आल्यापासून ती पहिल्यांदाच या पोरीशी बोलत होती.

"किती वाळलीस गं. बस. बटाटे उतरवलेत आत्ताच."

डीलियानं मीठ लावून सहा बटाटे खाल्ले. पेगीकाकू सातवा सोलत होती.