राखून ठेवलेला पेला

शिन-शिन मोठीआईशी फोनवर बोलायला लागली की मी नळ बारीक करते आणि भांडी हळू घासते. त्या दिवशीही तेच चाललं होतं. पलंगावर पाय वर करून पोरगी सांगत होती, "इथला पपईचा चहा तुझ्यासारखा नाही गं. आई दुकानातून आणते. त्यात पपईचा नुसता वास असतो."

मोठीआई म्हणजे माझी मोठी जाऊ, हुई-छिन. दूर दक्षिणेला, ताइनानजवळच्या गावी सासूबाईंसोबत राहते. तिला मूल नाही. मी आणि माझा नवरा पो-हान दोघंही इकडे उत्तरेत, शिनचूला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात. माझी बाळंतपणाची रजा संपली तशी शिन-शिनला आम्ही गावी ठेवलं आणि सुट्टीच्या दिवशी भेटायला जाऊ लागलो. आमच्या इमारतीत कितीतरी जणांची मुलं अशीच आजी-आजोबांकडे वाढतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. मग एकदा ताप आलेला असताना ती माझ्या मांडीवर होती आणि हात मात्र हुई-छिनकडे पसरत होती. तेव्हापासून मी हुई-छिनताईंकडे नीट बघू शकलेले नाही.

आता सप्टेंबरात पोरगी पहिलीत जाणार. मी म्हटलं, इथे आणू. सासूबाई म्हणाल्या, गावच्या शाळेला काय धाड भरलीय, वर्गात चार पोरं, बाईंचं प्रत्येकाकडे लक्ष. पो-हानला आईला नाही म्हणता येत नाही आणि मलाही नाही म्हणता येत नाही. त्याने तोडगा काढला: सुट्टीत ती आपल्याकडे राहू दे, शेवटच्या रविवारी वहिनी येईल, तेव्हा पोरीलाच विचारू. आपल्याच पोटच्या पोरीपुढे असं परीक्षेला बसायचं म्हणून माझा संताप झाला. पण नको म्हटलं असतं तर मी घाबरले असं दिसलं असतं.

आणि मी घाबरलेच होते.

त्या चहावरून मी आधी भांडून पाहिलं होतं. एवढ्या लहान मुलीला चहा कसला देता, झोप उडते, असं मी एकदा सासूबाईंदेखत ऐकवलं. हुई-छिन शांतपणे म्हणाली, तिच्यासाठी भाजलेल्या जवाचा करते मी, त्यात चहाची पत्ती नसतेच. माझ्याकडे तिच्याविरुद्ध तेवढी एकच तक्रार होती, तीही गेली.

शेवटी मी कृती मागितली. मागताना संदेश तीनदा खोडला. तिने लगेच सगळं लिहून पाठवलं: पपई पिकलेली पण घट्ट हवी, जवाचा चहा उकळून पूर्ण गार करायचा, दूध पावडरचं नको, साधं, साखर चवीपुरती, मिक्सरमधून फिरवायचं. शेवटी एक हसरा चेहरा. तो मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी सगळं तसंच्या तसं केलं. बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवली आणि खालच्या शिकवणीतून पोरीला आणायला पो-हानला सांगितलं, म्हणजे मी घरी येईन तेव्हा ती माझी वाट बघत असेल. दिवसभर मशीनपुढे बसून मला तिचा खूश चेहरा दिसत होता.

संध्याकाळी तिने एक घोट घेतला आणि सिंकवर जाऊन थुंकला. मीही चाखलं. कडू, कडुनिंबासारखं कडू. मीही थुंकले.

"मोठीआईचा असा नसतो," ती म्हणाली. रागाने नाही, समजुतीने. ते जास्त लागलं.

माझं काम चिपमधले दोष शोधण्याचं. मी तो संदेश तसाच तपासला, ओळ न् ओळ. माझी खात्रीच झाली की तिने मुद्दाम काहीतरी गाळलंय. मी फोन लावला.

"ताई, तुमचं काही सांगायचं राहिलं का?"

"का गं? काय झालं?"

"कडू झाला."

"केला कधी होतास?"

"सकाळी."

ती हसली. पलीकडे सासूबाईंनाही सांगितलं, त्याही हसल्या. "अगं, पपई दुधात थांबत नाही, ठेवली की कडू होते. करायचं आणि उभ्याउभ्या प्यायचं. इथे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. तू पडलीस उत्तरेच्या बंदरावरची, कीलुंगची, तुमच्याकडे कुठली पपई."

कीलुंगचं नाव काढायची काही गरज नव्हती.

पुढच्या वेळी शिन-शिन स्वतःच स्टूल ओढत आली. पपईच्या बिया तिने काढल्या, मिक्सरचं बटण तिने दाबलं, मी साखर घालताना तिने माझा चमचा धरून ठेवला. "आई, पुरे. मोठीआई एवढी नाही घालत." मी ते बोलणं गिळलं. पण चहा झाला, तिने तिथेच स्टुलावर उभी राहून संपवला आणि ओठांवर केशरी मिशी घेऊन माझ्याकडे बघितलं. तसं तिने माझ्याकडे याआधी कधी बघितलं होतं, मला आठवेना.

मग आम्ही रोज करू लागलो.

त्या शेवटच्या रविवारी सकाळी तिने दोन पेले भरले. एक प्यायली. दुसऱ्यावर बशी ठेवून तो फ्रीजमध्ये सरकवला. मोठीआईसाठी.

"अगं, कडू होईल. ती आली की ताजा करू," मी म्हटलं.

"ताजा तू पण करशील. हा मी एकटीने केलाय."

दुपारी हुई-छिन आली. आमच्या शहरातल्या वाऱ्याने केस विस्कटलेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पपया. पोरगी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. हुई-छिनने तिच्या केसांत नाक खुपसलं आणि क्षणभर थबकली. शाम्पू मी बदलला होता.

पेला बाहेर आला. वर पाणी सुटलेलं, खाली गाळ बसलेला. "ताई, सकाळचा आहे," मी हळूच म्हटलं. एवढं तरी मी केलं.

तिने पेल्याकडे पाहिलं, मग शिन-शिनकडे. चमच्याने ढवळलं आणि एका दमात सगळा प्यायली. शिन-शिन तिचा चेहरा निरखत होती. मीही निरखत होते. दोष शोधायची मला सवय आहे. एक सुरकुती हलली नाही.

"गोड आहे?"

"गोड आहे."

मी पहिल्याच घोटाला पोरीदेखत थुंकले होते.

पो-हानने घसा साफ केला आणि विचारून टाकलं: शाळा इथे की आजीकडे? शिन-शिनने पाहिलं ते मोठीआईकडे. माझ्याकडे नाही.

ती काही बोलायच्या आत हुई-छिन म्हणाली, "मला हा चहा येतो, मला कोणी शिकवायला नको. तुझ्या आईला येतो का?"

शिन-शिनने विचार केला. "साखर जास्त घालते."

"मग तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? तुझा बाबा?"

पोरगी हसली. म्हणाली, बाबाला तर बटणसुद्धा माहीत नाही. मग तिने ठरवून टाकलं, मोठ्या माणसासारखं: ती इथे राहील, आईला नीट येईपर्यंत.

पो-हानने सुटकेचा श्वास सोडला. मला हवं ते मिळालं होतं. फक्त ते मी जिंकलेलं नव्हतं. तिने दिलेलं होतं, आणि आता ते जन्मभर तिचं दिलेलं राहणार होतं.

थोड्या वेळाने मी स्वयंपाकघराच्या दारात पोचले तर हुई-छिन सिंकवर वाकून चुळा भरत होती. एक, मग दुसरी. मग नुसतीच, नळ चालू ठेवून, ओट्याला धरून उभी. मला पाहून तिने तोंड पुसलं. डोळेही.

"साखर खरंच कमी घाल," ती म्हणाली. "दात किडतील तिचे."

तिने आणलेली एक पपई मी कागदातून सोडवली आणि चिरायला घेतली. आत्ता नको, गाडी चुकेल, ती म्हणाली.

"उभ्याउभ्याच प्यायचा असतो ना, ताई," मी म्हटलं.

मिक्सरचा आवाज ऐकून शिन-शिन स्टूल ओढत आली. आमच्या दोघींच्या मधे भरपूर जागा होती. तिने ते मोठीआईच्या पलीकडे लावलं, तिला चिकटून. मी पाहिलं. साखर मी एकच चमचा घातली.