गळ्याला लागलेली हळद

मित्रांनो, मी जर्मनीतल्या आखन शहरातल्या एका प्रयोगशाळेतला जुना रोटाव्हॅप आहे. रसायनाचे काचेचे भांडे माझ्या गळ्याला अडकवतात. मी ते कोमट पाण्यात गरगर फिरवतो, पातळ द्रावक उडवून लावतो आणि हवा तो पदार्थ तळाशी ठेवतो. किती विद्यार्थी आले नि गेले. वापरत सगळेच, पुसत मात्र कुणीच नसे.

मग सांगलीची कौमुदी आली. समुद्रातल्या एका स्पंजात जंतू मारणारा पदार्थ असतो, पण अगदी चिमूटभर. सगळे स्पंज खरवडले तरी औषधाला पुरायचा नाही, म्हणून ती तो इथे टप्प्याटप्प्याने घडवत होती. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर तो चालला, तरच तिच्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीला अर्थ होता.

खंडेनवमीला तिने माझी पूजा केली. माझ्यापुढे हात जोडणारी ती पहिलीच! मी अगदी फुगून गेलो. ओल्या बोटाने तिने माझ्या गळ्याला घरची हळद लावली. दुसऱ्या दिवशी तिथेच पदार्थाचे भांडे अडकवले.

जंतू मेले! तिच्या प्रोफेसरबाई युटा यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कौमुदीने घरी फोन केला, सगळ्यांना पेढे वाटले.

पुढचा घाणा शेजारच्या नव्या यंत्रावर काढला, तर जंतू मजेत वाढले. कौमुदी चक्रावली. तिने जांभळ्या किरणांचा दिवा माझ्या गळ्यावर धरला. फटीतली हळद पिवळीधमक चमकली. तीच द्रावकात विरघळून भांड्यात उतरली होती; जंतू मारले होते ते त्या हळदीने! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पूजेने फुगलेला मी तिचेच काम नासवून बसलो होतो.

शेजारच्या टेबलावरचा निहार हळूच म्हणाला, "अगं, कुणाला कळणारे? पहिलाच रिझल्ट दे ना."

"उद्या कुणाच्या चिघळलेल्या जखमेवर हा निकामी पदार्थ लावतील, निहार."

ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "त्यात माझी हळद होती," एवढेच बोलली. तिचे कान लाल झाले होते. कुणी हसले नाही, ते तर अधिकच लागले. युटा म्हणाल्या, "आल्झो, चला तर, पहिल्यापासून सुरू करू." मला मात्र तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मित्रांनो, यंत्राला हात जरूर जोडा. पण त्याच्या पोटात काय चालले आहे ते आधी बघा, आणि काम झाले की त्याला उघडून धुऊन ठेवा. माझी लाज मी सोसेन. तिची मान खाली गेलेली मला पुन्हा बघवणार नाही.