रत्नाकर सरांचा राउटर

रत्नाकर सर निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, खोव्याच्या जलेबीवर ताव मारला. राउटरचा रूट पासवर्ड तेवढा कोणी मागितला नाही. निरोपाच्या दिवशी माणसाकडे चाव्या मागणं आमच्यात बरं दिसत नाही.

पुढे मदन महल भागात आमच्या पॅथॉलॉजी लॅबची नवी शाखा जोडायची वेळ आली, आणि राउटर कोणालाच आत घेईना. हा राउटर म्हणजे दिवे लुकलुकणारा डबा नव्हे. एका सर्व्हरच्या पोटात चालणारं ते सॉफ्टवेअर, सरांनी स्वतः बसवलेलं. मॅनेजर मिश्राजी सगळ्यांसमोर म्हणाले, "रत्नाकरजी ने जानबूझकर नहीं दिया. एक्सटेंशन नहीं मिला ना!"

माझं डोकंच फिरलं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते हेच. मला हे काम सरांनीच शिकवलं. त्यांच्या नावाला असला डाग लागू द्यायचा नाही, असं ठरवून मी लॅपटॉप घेऊन चेरीतालला त्यांच्या घरी गेले.

सरांनी पासवर्ड लगेच सांगितला. मी लॅपटॉपवरून लॅबच्या राउटरला लावून पाहिला. लागला नाही. दुसरा सांगितला, तोही नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी पहिलाच पुन्हा सांगितला, अगदी नवा सुचल्यासारखा.

"तुझा कीबोर्ड खराब असन, जया," ते म्हणाले.

प्रतिमाकाकू चहा ठेवता ठेवता हसल्या. "आजकाल यांचं असंच आहे बाप्पा. चष्मा डोळ्यावर, अन् घरभर शोधून राहिले."

मला हसू आलं नाही. सरांनी काही लपवलं नव्हतं. ते विसरत होते, आणि काकूंना ती गंमत वाटत होती. मी घाबरले. "ऑफिसात लावून पाहते," म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आत मी सरांनीच शिकवलेला उपाय केला. आधी सर्व्हरवरून सगळ्याची प्रत काढून ठेवली. राउटर बंद करून परत सुरू केला, सुरू होता होता मध्येच अडवला, दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरले आणि नवा पासवर्ड ठेवला. जुना काही परत मिळत नाही. वाचता येईल असा तो यंत्राकडेही नसतो.

मिश्राजींना मात्र ठणकावून सांगितलं, "सर का बताया हुआ ही लगा." त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तेच खोटं घेऊन सरांकडे गेले. ते बाहेरच्या खोलीत एकटेच बसले होते.

"लागला, सर. तुमचाच."

"अच्छा?" त्यांचा चेहरा उजळला. मग सवयीनं विचारलं, "अपटाइम किती दाखवून राहिला?"

अपटाइम म्हणजे राउटर न थांबता किती काळ चालतोय ते. सरांचा राउटर दोन वर्षं एकदाही थांबला नव्हता, आणि पोराच्या मार्कांसारखं ते सगळ्यांना सांगत. पासवर्ड खरंच लागला असता तर तो आकडा वाढतच गेला असता; आता तो सकाळपासूनचाच होता. मी एखादा मोठा आकडा ठोकून देऊ शकले असते. नाही दिला.

"रिबूट केला ना तू?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"आधी कॉपी काढली होती?"

"हो, सर."

"मग बरं केलं." मग त्यांनी विचारलं, "ऑफिसात काय म्हणून राहिले? मी मुद्दाम लपवला?"

"आता कोणी काही म्हणत नाही. तुमचाच लागला असं सांगितलं मी."

"पण लपवलं तर आहेच मी. पासवर्ड नाही, हे." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "दिवाळीपासून होऊन राहिलं. परवा आपलीच गल्ली सापडेना. हिला म्हटलं, ट्रॅफिक होता."

आतून काकूंनी चहाचं विचारलं. सर आवाज खाली आणून म्हणाले, "तू सांग तिले. माझ्यानं नाही होऊन राहिलं."

मी आत गेले. काकू गॅसपाशी आलं किसत होत्या. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काहून वं, अशी काहून पाहून राहिली?"