हरायला बनवलेले खेळणे

माझ्या तोंडाशी, जिथून दोरा बाहेर येतो त्या फटीच्या कडेला, एक बारीक खाच पडली आहे. तांदळाच्या दाण्याएवढी लांब आणि केसाहून थोडी जाड. दोरा सरळ ओढला गेला असता तर ती मधोमध पडली असती. ती डाव्या टोकाला पडली आहे, आणि तिथला रंगही उडाला आहे. कारण जी मांजर माझ्याशी सर्वांत जास्त खेळली, ती कधी समोरून येतच नाही. उजवीकडे काहीतरी दिसल्याचे सोंग करते आणि डावीकडून झडप घालते.

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. खेळणे दुकानात येण्याआधी त्याचा पहिला तुकडा कोणीतरी हाताने बनवते, जोडते, मोडते आणि पुन्हा जोडते. तो तुकडा म्हणजे मी. तळहातावर मावेल अशी माझी डबी दाराच्या चौकटीला चिकटवतात. पोटात सुताराच्या टेपसारखी दोऱ्याची गुंडाळी आहे, नखाएवढी मोटर आहे आणि दोऱ्याच्या टोकाला कातड्याची शेपटी आहे. मांजर जवळ आली की मला कळते. मग मी शेपटी खाली सोडतो, थरथरवतो, मध्येच मेल्यासारखा थांबतो. पंजा पडला रे पडला की दोरा सर्रकन आत घेतो.

तुम्ही म्हणाल, मजा आहे की! होतीच मजा. ती कोणी घालवली ते सांगायला मी बसलो आहे, आणि ते गोड शब्दांत सांगायची माझी तयारी नाही.

मला बनवले एका बाईंनी. प्राणी का आणि कसे वागतात, याचा त्यांनी बरीच वर्षे अभ्यास केला होता आणि मग मांजरांच्या खेळण्यांच्या एका कारखान्यात आल्या होत्या. कारखान्यात त्यांना मॅडम म्हणत. घरी त्यांची आत्या त्यांना चिमणी म्हणे. चिमणीने बसून मांजरांसाठी खेळणे बनवावे, हा आत्याचा आवडता विनोद होता आणि तो ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे. मीही बाईंना चिमणीताईच म्हणेन.

चिमणीताई कमी बोलत आणि फार बघत. घरात आत्याची एक राखाडी मांजर होती. तिचा तोरा असा की तिला सगळे बाईसाहेब म्हणत. बाईसाहेब खिडकीत बसून बाहेरच्या पाखरांवर नजर लावत, तेव्हा चिमणीताई शेजारी बसून बाईसाहेबांवर नजर लावत. कान कधी वळतात, मिश्या कधी पुढे येतात, झडपेच्या आधी मागचे पाय कसे चुळबुळतात, सगळे बघत. त्यातून त्यांना एक साधी गोष्ट कळली. मांजर बिळाशी ताटकळत बसते ती उंदीर कधीतरी सापडतो म्हणून. दहादा निसटेल, पण अकराव्यांदा तोंडात येईल. ते ‘कधीतरी’ काढून घेतले, तर खेळ उरत नाही. उरतो तो छळ.

म्हणून त्यांनी माझ्या पोटात दाबलेल्या लोकरीची एक चकती बसवली. मांजराने शेपटी घट्ट धरून क्षणभर रेटली की ती चकती घसरे, दोरा सैल पडे आणि शेपटी मांजराच्या तोंडात निमूट पडून राही. चिमणीताई त्याला ‘हार’ म्हणत. “आज हार लवकर होतेय,” असे स्वतःशीच पुटपुटत आणि चकती कानसेने किंचित घासत. फार लवकर हरलो तर खेळ पोरकट, फार उशिरा हरलो तर जाच. कितीतरी संध्याकाळी माझी हार बेताची करण्यात गेल्या.

मी पहिल्यांदा बरोबर हरलो तो दिवस मला आठवतो. बाईसाहेबांनी डावीकडून झडप घातली, शेपटी धरली, रेटली, आणि मी सुटलो. त्यांनी माझी शेपटी दोरा पुरेल तिथवर खुर्चीखाली ओढून नेली. दोनदा चावल्या. मग पंजा चाटून तोंड पुसले आणि तिथेच डोळे मिटले.

“जिंकल्या गं बाई,” आत्या म्हणाली. “आता झोप बघ कशी राजाची लागली.”

मित्रांनो, हरून इतका अभिमान वाटतो हे मला तेव्हा कळले.

पुढे मला कारखान्यात नेले. तिथे एक काचेची खोली होती. आत मांजर आणि खेळणे, बाहेर खुर्च्यांवर माणसे. कारखान्याचे साहेब मधल्या खुर्चीत. शेजारी विक्री सांभाळणारे एक गृहस्थ. त्यांना पडद्यावर वर चढणारी रेघ दिसली की गहिवरून येई, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना आलेखराव म्हणत. बाईसाहेबांना टोपलीतून आणले होते. त्या खेळल्या, शेपटी निसटली, पुन्हा खेळल्या, शेवटी ती पकडली आणि झोपल्या. माझ्या मते काम चोख झाले होते.

“संपलं?” आलेखराव म्हणाले. “एवढंच?”

“शिकार झाली की मांजर झोपते,” चिमणीताई म्हणाल्या. “तेच हवंय.”

“मॅडम, आपण खेळणं विकतोय, झोपेचं औषध नाही!”

खुर्च्या हसल्या. साहेबही हसले. चिमणीताई हसल्या नाहीत.

“हे पकडू देणं काढून टाका,” आलेखराव म्हणाले. “शेपटी हाती लागलीच नाही, तर मांजर खेळतच राहील. आणि जितका वेळ खेळेल तितकं खेळणं भारी. सोप्पं आहे.”

“जमेल ना, मॅडम?” साहेबांनी विचारले.

“बघते,” चिमणीताई म्हणाल्या.

हा त्यांचा शब्द. हो म्हणायचे नसले आणि नाही म्हणायचा धीर नसला की त्या ‘बघते’ म्हणत.

त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या पोटातली लोकरीची चकती काढली आणि तिथे पितळेची खीळ ठोकली. आता कोणी कितीही धरा, दोरा सुटायचा नाही. मोटरही जोरकस बसवली. पंजा पडायच्या आत शेपटी गायब. मला राग आला तो त्या क्षणी, आणि खोटे कशाला बोलू, चिमणीताईंचाही आला. ज्याला हरायला शिकवले त्याला कोणी असे लबाड करते का?

तुमच्या ओळखीत एखादे काका असतील. ते खाऊ हातात धरतात, हात उंच करतात आणि म्हणतात, “घे, घे!” तुम्ही उडी मारता, ते हात आणखी वर नेतात. एकदा हसू येते. दुसऱ्यांदाही येते. मग रडू येते. तेव्हा तेच काका म्हणतात, “काय रडकं पोर आहे!” मित्रांनो, मला तो काका केले होते. हातातोंडाशी आलेला घास रोज काढून घ्यायचा, हे माझे काम ठरले. आणि त्याला नाव काय? खेळ!

काचेच्या खोलीत आता कामगारांच्या घरची मांजरे एकेक करून येऊ लागली. मोजणी कॅमेरा लावलेले एक यंत्र करत होते. मांजराचे तोंड माझ्याकडे असेल तोवर यंत्र म्हणे, खेळ चालू आहे. मांजर उडी मारते, खेळ. भिंतीवर नखे ओरबाडते, खेळ. जिथे शेपटी गडप झाली त्या फटीकडे दगडासारखी बसून टक लावते, तोही खेळ! धाप लागून जीभ बाहेर काढते, तरी रेघ चढतीच. धावल्यावर कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो तसे मांजर सहसा टाकत नाही. टाकू लागली तर थांबायचे असते. हे काचेबाहेर एका माणसाला ठाऊक होते आणि त्या माणसाने मिठाची गुळणी धरली होती. बाकीचे उंटावरून शेळ्या हाकत होते.

“बघा, बघा रेघ!” आलेखराव म्हणत. “काय जीव टाकतंय मांजर!”

जीव टाकत होतेच. तेवढे मात्र त्यांनी खरे सांगितले.

कारखान्यात इतरांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. चहाच्या टेबलाशी कुजबुज चाले. “माझं मांजर घरी येऊन पलंगाखालीच बसलं.” “आमचं तर पोराला फिस्कारलं.” पण साहेबांनी एकदा सुनावले होते की ज्याला हे खेळणे पटत नसेल त्याने दुसरीकडे जाऊन मातीच्या गोट्या वळाव्यात. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मांजरांचीच खेळणी करणारा एवढा मोठा कारखाना, पण घंटा बांधायला एक हात पुढे येईना.

चिमणीताईंची वेगळीच पळवाट होती. त्या म्हणत, पुरावा पुरेसा नाही. अजून एकदा मोजू. शास्त्र शिकलेल्या माणसाला ही सवय असते. एरवी ती चांगली, पण भित्र्या माणसाच्या हाती ती पांघरूण होते. आणखी मोजायचे म्हणून त्यांनी मला घरी नेले आणि पुन्हा त्याच चौकटीला चिकटवले.

बाईसाहेब मला ओळखून धावत आल्या. उजवीकडे बघायचे सोंग केले, डावीकडून झडप घातली. मी निसटलो. पुन्हा. पुन्हा. त्यांना वाटत होते, आता सुटेल, हा आपला जुना मित्र आहे. मी ओरडू शकलो असतो तर सांगितले असते की बाईसाहेब, जा, मी पूर्वीचा राहिलो नाही. पण मला बोलायला तोंड नाही. आहे ती फट, आणि तिच्यातून फक्त दोरा येतो-जातो.

दुपार झाली, संध्याकाळ झाली, तरी त्या फटीसमोरून हलेनात. वाटीतले खाणे वाळून गेले. शेपूट फरशीवर सपासप आपटत होती, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर. आत्याने त्यांना उचलायला हात घातला आणि बाईसाहेबांनी तो मनगटापासून ओरबाडला. जन्मात कधी नख न लावलेली मांजर! ओरबाडून स्वतःच दचकल्या आणि कपाटाखाली शिरल्या.

चिमणीताई कापूस आणि औषध घेऊन आल्या. “फार लागलं का गं?”

“मला काय विचारतेस? तिला विचार. एवढी वर्षं मांडीवर झोपते ती, वेडी झालीय का आज?”

“नाही. तिला काही झालेलं नाही. हे... हे खेळण्यामुळे आहे.”

“तुला माहीत होतं?”

चिमणीताई कापूस नुसताच चुरगळत राहिल्या.

“म्हणजे माहीत होतं,” आत्या म्हणाली. “मग तिथे सांगितलंस का नाही?”

“बघते म्हटलंय.”

“बघते! नळ गळतोय, बघते. खिडकी लागत नाही, बघते. तुझ्या बघण्यात एक दिवस घर वाहून जाईल, चिमणे. अगं, तू निगरगट्ट असतीस तर मी बोलले नसते. तुला कळतं, हेच तर वाईट.”

“आत्या, नोकरी जाईल.”

“जाईलही,” आत्या म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही, हे मला आवडले. “आणि नाही बोललीस तर असले डबे घराघरांत चिकटतील. प्रत्येक घरात एक मांजर भिंतीकडे तोंड करून बसेल. लोक म्हणतील, बघा किती रमलंय! आता ते तू ठरव. मला औषध लाव आधी, चुरचुरतंय.”

चिमणीताईंनी औषध लावले. मग स्टुलावर चढून मला चौकटीवरून काढले. त्यांचा हात थंड होता. कपाटासमोर जमिनीवर पालथ्या पडून त्या कितीतरी वेळ आत बघत राहिल्या, पण बाईसाहेब काही बाहेर आल्या नाहीत.

मित्रांनो, खेळणे मोडले तर जपायला हवे होते, असे तुम्हाला नेहमी सांगतात. सांगू देत. पण माझे एक ऐका. ज्याच्यासाठी खेळणे आणता त्यालाही जपा. तो खेळतो आहे की नुसता तडफडतो आहे, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी जवळ बसून बघावे लागते. आणि दिसले की तोंड उघडावे लागते.

शेवटची बैठक मोठ्या टेबलाशी होती. मला मधोमध ठेवले होते. साचे कापायला जायचे होते. एकदा पोलादाचे साचे कापले की माझ्यासारखी हजारो भावंडे भराभर बाहेर पडणार आणि मग कोणाच्या म्हणण्याला अर्थ उरणार नव्हता. आलेखरावांनी पडद्यावर रेघ लावली. ती इतकी उंच गेली होती की तिचे टोक पडद्याबाहेर होते.

“असं खेळणं आजवर झालं नाही,” ते म्हणाले. “मांजर जेवण सोडून खेळतं!”

माझ्या पोटातली खीळ रागाने तापली असती, तर टेबल जळाले असते.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “तुमचं बाळ आहे हे. तुम्ही हो म्हणा, म्हणजे साचे पाठवतो.”

चिमणीताई उठल्या. “रेघ काढा. त्या खोलीतलं चित्रण लावा. आवाजासकट.”

“कशाला? आकडे आहेत की.”

“लावा ना.”

पडद्यावर एक पिवळी मांजर आली. तोंड उघडे, जीभ बाहेर, पोट भात्यासारखे हलते आहे. ती फटीकडे बघत होती आणि घशातून एक बारीक, लांब आवाज काढत होती. काचेबाहेर तो कधी कोणाला ऐकूच आला नव्हता. खुर्च्या हसल्या नाहीत. आलेखराव पाण्याचा पेला उगाच इकडून तिकडे सरकवू लागले.

“थोडं दमलंय,” ते म्हणाले.

“दमलेलं नाही. ते मदत मागतंय.”

साहेबांच्या कपाळावर आठी आली. “म्हणजे आता काय बघायचं म्हणता, मॅडम? पुन्हा मोजायचं? किती दिवस?”

चिमणीताईंनी मला उचलले. हात या वेळीही थंडच होता. आवाज मात्र ठाम होता.

“मोजायचं काही राहिलं नाही, साहेब. माझं उत्तर नाही असं आहे. मांजराला जिंकू देत नसेल तर हे खेळणं मी बाहेर जाऊ देणार नाही.”