रेषेवरचे गंगाधर सर

"आउट," गंगाधर सर ओरडले आणि त्यांचा डावा हात आडवा ताठ झाला.

ओरडून होतंय न होतंय तोच त्यांना कळलं, की चेंडू आत होता. चांगला रेषेच्या पांढऱ्या पट्ट्याला घासून गेलेला. निम्मी हयात टेनिसच्या रेषांवर डोळे लावून उभं राहण्यात गेली होती. डोळा चुकला नव्हता, जीभ चुकली.

आणि चुकली तीही कधी, तर हंगामाच्या अखेरच्या स्पर्धेत. वर्षभर देशात ठिकठिकाणी खेळून पहिल्या आठांत आलेले व्यावसायिक खेळाडू यंदा सोलापुरात उतरले होते. पुरुष एकेरीचा अंतिम सामना, तिसरा सेट आणि मैंदर्गीचा शिवपुत्र विजयापासून एका गुणावर. समोरच्याला न पोचलेला त्याचा हा चेंडू आत धरला असता तर अजिंक्यपद तिथंच त्याचं होतं, पुढं परदेशातल्या स्पर्धांची वाट मोकळी. नाहीतर कुर्डुवाडीला रेल्वेची नोकरी ठरलेली होती. "यंदा जमलं तर जमलं सर, न्हायतर रॅकेट खुंटीला," असं त्यानं परवाच हसत हसत सांगितलं होतं.

सर तसे महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. रेषेवरचं पंचपण सुट्टीच्या दिवसांचं. शिवपुत्र मैंदर्गीहून एसटीनं खेळायला यायचा तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला. नात्यागोत्याचा नव्हे, पण सामन्याआधी चहा पिताना समोरच्या रेषेवरच्या सरोजिनीबाईंनी टोमणा मारलाच.

"काय सर, तुमचा शिवा खेळतोय की आज. त्याचा एकही बॉल बाहेर जायचा नाही म्हणायचं."

बाई गमतीनं बोलल्या, सरही हसले. विषय तिथंच संपायचा. पण सरांचा स्वभाव मुलखावेगळा. पोटचा मुलगा वर्गात होता तेव्हा त्याला एखादा मार्क कमीच द्यायचे, कुणी बोट दाखवू नये म्हणून. सामनाभर बाईंचं ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसून राहिलं. शिवाचा चेंडू रेषेजवळ आला, की तो आत धरायचीच यांना धास्ती. आणि खरी वेळ आली तेव्हा डोळ्यांनी काही सांगायच्या आत तोंडानं निकाल देऊन टाकला.

बरं, चूक सुधारायची रीत असते. पंचानं हात वर करायचा, 'करेक्शन' म्हणायचं, की झालं. या स्पर्धेत कॅमेरे नव्हते, उंच खुर्चीवरच्या मुख्य पंचांना तो कोपरा नीट दिसला नव्हता. सगळी भिस्त सरांवर होती.

शिवपुत्र वळला. एरवी पंचांशी तावातावानं भांडणारा गडी, पण आज त्यानं मुख्य पंचांकडं बघितलंही नाही. कमरेवर हात ठेवून नुसता सरांकडं बघत उभा राहिला.

रेषेमागं परत वाकून उभ्या राहिलेल्या सरांचा हात गुडघ्यावरून सुटलाच होता. तेवढ्यात मनात आलं, उद्या अख्खं शहर म्हणेल, आपल्या पोरासाठी मास्तरांनी निकाल फिरवला. हात परत गुडघ्यावर गेला. जनाची नाही तर निदान मनाची तरी बाळगावी म्हणतात. सर जनाची राखायला गेले आणि मनाची घालवून बसले.

खेळ पुढं चालू झाला. तो गुण गेला, मागोमाग गेम गेला आणि उन्हं कलायच्या आत सामनाही गेला.

बक्षिसं वाटून झाल्यावर सरोजिनीबाई मुद्दाम जवळ आल्या. "मानलं सर तुम्हाला. आपला म्हणून तसूभर सवलत दिली नाहीत."

सरांना तिथं उभं राहवेना. ते तडक बाहेर गाड्या लावायच्या जागेकडं गेले. शिवपुत्र बॅग आवरत होता. शेजारी त्याचे वडील शंकरप्पा, स्पर्धेसाठी पहाटे गावाहून आलेले, हातात पिशवी धरून उभे होते.

"शिवा, दमलास रे."

"व्हय की."

"ऊनही फार होतं आज."

ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय सरांना नव्हती, त्यामुळं तेही धड जमेना. शेवटी म्हणाले, "तो बॉल आत होता. मी बघितला होता."

शिवपुत्रानं बॅगेची चेन ओढली. "ठावं हाय, सर."

"मग भांडला का नाहीस? एरवी तर भांडतोस."

"रेषेवर तुमी होता की." तो जरा थांबला. "हात वर कराल म्हणून वाट बघितली."

रागावला असता तर सरांनी मुकाट ऐकून घेतलं असतं. पण आवाजात राग नव्हता, आणि तेच सरांना सोसवेना.

"मी आत्ता जाऊन मुख्य पंचांना सांगतो."

"आता सांगून काय हुतंय? निकाल लागला. उगं तुमचं नाव जाईल."

शंकरप्पांना दोघांचं हळू आवाजातलं मराठी नीट उमगलं नाही. सर काय म्हणतायत, असं त्यांनी मुलाला कानडीत विचारलं.

"एनू इल्ल," काही नाही, असं शिवपुत्र म्हणाला. चांगला खेळलास म्हणतायत, असंही त्यानं पुढं कानडीतच सांगितलं. एवढी कानडी सरांना कळत होती.

शंकरप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"लई उपकार हायत सर तुमचे. पोराला तुमीच संभाळलं."

सरांनी शिवपुत्राकडं बघितलं. तो बॅग खांद्याला लावून पुढं चालू लागला होता. म्हातारा हात जोडून तसाच उभा होता, म्हणून सरांनीही हात जोडले.