दहा किलो वांगी आणि पुलाचा चढ

सुकलालभाऊंनी त्या सकाळी भरिताची दहा किलो वांगी घेतली, ती काही खाण्यासाठी नव्हे. बायकोची स्कूटर नापास करायला घेतली. माणूस साठीला आला म्हणून शहाणा होतोच असं थोडंच आहे!

झालं होतं असं. पिंप्राळ्याच्या घरापासून रेल्वेच्या पुलावरून जळगावातल्या वाचनालयापर्यंत साडेतीन किलोमीटर. एकवीस वर्षं हेमलताबाईंना नोकरीवर सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं काम भाऊंच्या मोटारसायकलचं. निवृत्तीनंतर तर भाऊंचा दिवस म्हणजे याच दोन फेऱ्या. घरात ती स्वयंपाकात, हे टीव्हीपुढे. दोघांचं काय ते बोलणं गाडीवरच व्हायचं.

पण अलीकडे भाऊंचा गुडघा किक मारायला कुरकुरायला लागला आणि गाडी तर त्याहून जास्त. बाई संध्याकाळी वाचनालयाच्या फाटकाशी अर्धा-अर्धा तास ताटकळायच्या. शेवटी एकदा त्या बहिणीला, ममताला, फोनवर म्हणाल्या, "बस झालं बाई. आता इलेक्ट्रिक स्कूटरच घेते. रोज वाट पाहत उभं राहणं नको." दाराआड भाऊंनी ते ऐकलं. ममताच्या गाडीवर शिकून, लायसन्स काढून बसलेली बाई ती. मग आपलं काय काम उरलं?

उघड नाही म्हणायला तोंड नव्हतं. मग भाऊंनी अट घातली: गाडी पुलाचा चढ चढली पाहिजे, आणि मागे मी बसणार. स्वतः शहाऐंशी किलो, वर मांडीवर ती वांग्यांची पिशवी.

"ही कशाला?" बाईंनी विचारलं.

"भरीत कराले. तुले काय करनं शे?" भाऊ चिडले की त्यांची खानदेशी बाहेर यायची.

पहिली स्कूटर स्वस्त, हलकी. अर्ध्या चढावरच तिने मान टाकली. भाऊ मनात असे खूश झाले की विचारू नका.

"ही नको," बाई शोरूममध्ये परतल्यावर म्हणाल्या.

"मॅडम, एकट्यासाठी मस्त आहे," विक्रेता उमर अजिजीने म्हणाला. "रोजचे सात किलोमीटर म्हणजे हिला काहीच नाही."

"नको म्हटलं ना."

दुसरी चढली खरी, पण मागच्या पायटेकण्या इतक्या उंच की भाऊंचा गुडघा छातीशी आला. उतरताना ते हायहुय करायला लागले. बाईंनी त्यांच्या गुडघ्याकडे एकदा पाहिलं आणि तीही नको म्हणाल्या. भाऊंचा जीव भांड्यात पडला. असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत सगळ्याच गाड्या बाद!

तिसरी मात्र महागातली. शहाऐंशी किलोचे भाऊ, दहा किलो वांगी, सगळं घेऊन ती पूल मुकाट्याने चढली. भाऊंचा चेहरा पडला. पलीकडे उतरल्यावर बाईंनी गाडी कडेला घेतली.

"गुडघा दुखला?"

"नाही."

"पाठीला टेकू नीट मिळतो?"

"मन्हं काय विचारस?" भाऊ एकदम भडकले. "तुले एकटीले जानं शे ना!"

बाई गाडीवरून उतरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "एकटीला पहिलीच पुरली असती. सकाळी मी चालवीन, तुम्ही मागे बसा. मला सोडलं की गाडी घरी न्या. हिला किक नाही, बटण आहे. संध्याकाळी साडेपाचला फाटकाशी दिसला पाहिजेत."

"पण तू ममताला म्हणालीस, वाट पाहणं नको..."

"म्हणाले. वाट पाहायचा कंटाळा आलाय मला. तुमचा नाही."

भाऊंचे डोळे भरून आले, ते लपवायला त्यांनी पिशवीत डोकं घातलं आणि उगाच वांगी मोजायला लागले.

"आता खरं सांगा, ती कशाला आणलीत?"

"गाडी चढायला नको म्हणून," भाऊ पिशवीतूनच म्हणाले.

बाई अशा हसल्या की रस्त्याने जाणारे वळून पाहायला लागले. "अहो, मग वीस किलो तरी आणायची! सरका पुढे. परत जाताना तुम्ही चालवा."

भाऊ पुढे सरकले. बाई मागे बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि एकवीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊंनी बटण दाबलं, आणि पुलाचा चढ लागायच्या आत दोघांचं बोलणं सुरू झालं.