मागच्या रांगेतला आवाज

मित्रांनो, वर्तकनगरातल्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर जुना सीडी प्लेअर बसलाय ना, तो मी. थोडा गर्विष्ठ आहे म्हणा. पण माझे दिवसच तसे होते. रवींद्रने मला आणलं तेव्हा शेजारपाजारची माणसं नुसता माझा ट्रे सरकताना बघायला यायची.

सीडीवर गाणं नसतं बरं का, नुसते आकडे असतात. ते वाचायचे आणि त्यांचा आवाज करायचा, दोन्ही कामं माझीच. रवींद्रच्या वडिलांची, चांगदेवांची एक सीडी घरात होती. मोहने गावातल्या कारखान्यातली नोकरी सांभाळून ते भीमगीतं गायचे. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी शांताबाई ती सीडी लावायला सांगायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "यात मीपण गायलेय. कोरसला, मागे."

कोणालाच ऐकू यायचं नाही. रवींद्र "हो आई" म्हणून विषय बदलायचा. मलाही वाटायचं, भास असेल. पुढे पुढे तर त्या स्वतःच म्हणू लागल्या, "नसेनही रे. मलाच वाटत असेल तसं." ते ऐकून जीव तुटायचा.

मग मोबाईल आले आणि मी धूळ खात पडलो. परवा नात प्रीतीने तळहाताएवढा एक डबा आणला. त्याला डॅक म्हणतात. आकड्यांचा आवाज करायचा, एवढंच त्याचं काम. इंटरनेटवरची गाणी तो असा काही वाजवू लागला की मी गारच पडलो.

"पप्पा, आता हा भंगारात देऊया," प्रीती माझ्याकडे बघून म्हणाली.

"अगं, मग बाबांची सीडी? ती नेटवर कुठे मिळणार?" रवींद्र म्हणाला. "हा नुसती वाचेल, आवाज तुझा डबा करेल." त्याने एका वायरने मला डॅकला जोडलं. माझं अर्धं काम गेलं. राग आला, खोटं कशाला बोलू.

चांगदेव गाऊ लागले. तोच आवाज, पण काच पुसल्यासारखा. पेटीचा भाता ऐकू आला, त्यांनी घेतलेला श्वास ऐकू आला. आणि ध्रुवपदाला मागून, डाव्या बाजूने, एका बाईचा बारीक, खणखणीत आवाज उठला. मी थक्क झालो. इतकी वर्षं त्यातला आकडा न् आकडा मीच वाचत होतो, आणि हे माणूस मला ठाऊकच नव्हतं.

शांताबाई हळूच सोबत गाऊ लागल्या. आवाज एकच होता, एकीकडे तरुण, एकीकडे थकलेला. रवींद्र त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

"आई, चुकलो गं."

"तुला ऐकूच येत नव्हतं, तू काय करणार," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं टाकण्याआधी एकदा त्याला नव्याच्या शेजारी बसवून बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस "यात मीपण आहे" म्हणालं, तर विषय बदलू नका. मी हल्ली नुसता वाचतो. आणि घरच्यांबरोबर बसून, पहिल्यांदाच, ऐकतो.